जुनं प्लास्टिकचं शिडाचं जहाज जोडायचंय? मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या हॉलमधे टीव्हीशेजारी काचेच्या पेटीत मी किटमधून, म्हणजे डब्यातल्या सुट्या प्लास्टिकच्या भागांतून, जोडलेलं तीन डोलकाठ्यांचं एक जहाज आहे, साधारण तीन फूट लांब, आणि घरी येणारा प्रत्येक माणूस चहा येईपर्यंत त्याच्याबद्दल तेच ते आठदहा प्रश्न विचारतो. हल्ली फोटो बघून व्हॉट्सअ‍ॅपवरही विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी एक्स्पर्ट वगैरे अजिबात नाही, मोठं जहाज आयुष्यात एकच केलंय, पण त्या एकात चुका मात्र दहा जहाजांच्या केल्यात.

हे जहाज कुठलं? आपल्याकडचं आहे का?

नाही हो. हे कटी सार्क, स्कॉटलंडमधे डंबार्टनला बांधलेलं, २२ नोव्हेंबर १८६९ ला पाण्यात उतरलेलं. चीनमधून लंडनला चहा न्यायचं हे त्याचं काम. आणि नशीब बघा, त्याच्या फक्त पाच दिवस आधी, १७ नोव्हेंबरला सुएझ कालवा सुरू झाला. कालव्यातून आगबोटी जाणार आणि शिडाच्या जहाजाला आफ्रिकेला वळसा घालून यावं लागणार, म्हणजे ज्या धंद्यासाठी एवढं वेगवान जहाज बांधलं त्या धंद्याला जन्माच्या आठवड्यातच घरघर लागली. बांधणारी स्कॉट अँड लिंटन कंपनी तर काम पुरं व्हायच्या आधीच बुडाली, शेवटचं काम दुसऱ्यांनी केलं. पुढे चहा सुटला, ऑस्ट्रेलियाहून लोकर आणायला लागलं आणि खरं नाव तिथे काढलं. १८९५ मधे पोर्तुगीजांना विकलं, १९२२ मधे एका इंग्रज कॅप्टनने परत विकत घेतलं, १९५४ पासून लंडनजवळ ग्रीनिचला कोरड्या गोदीत उभं आहे. २००७ ला मोठी आग लागली होती, दुरुस्ती होऊन २०१२ ला परत उघडलं.

पुढच्या टोकाला ती बाई कोण, आणि तिच्या हातात काय आहे?

हा प्रश्न लहान मुलं हमखास विचारतात. ती चेटकीण आहे आणि हातात घोड्याची शेपटी आहे. रॉबर्ट बर्न्सच्या कवितेतली ही नॅनी, तोकडा झगा घालून नाचणारी, आणि कटी सार्क म्हणजे तो तोकडा झगाच. कवितेत ती घोड्यावरून पळणाऱ्या माणसाच्या मागे लागते आणि तिच्या हातात फक्त शेपटी येते. एवढ्या देखण्या जहाजाचं नाव झग्यावरून!

किट किती जुनं आहे?

साचा १९५९ चा, अमेरिकेतल्या रेव्हेल कंपनीचा. माझा डबा त्यानंतरचा. आमचे मोठे काका बोटीवर होते, त्यांनी सत्तरच्या दशकात कुठल्यातरी बंदरातून आणला, दोन दिवस उघडून बघितला, एवढे दोरे बघून परत बंद केला आणि माळ्यावर टाकला. माळ्यावरून तो माझ्याकडे आला तेव्हा झाकणावर पालीची अंडी होती.

एक सांगतो, डब्यावर किंवा सूचनांच्या कागदावर छापलेलं साल बघून लगेच खूश होऊ नका. ते बरेचदा साच्याचं किंवा चित्राचं साल असतं, तोच साचा पुढे अनेक वर्षं वेगवेगळ्या डब्यांतून विकला गेलाय. रेव्हेलच्या बाबतीत एक सोपी खूण म्हणजे पत्ता. व्हेनिस, कॅलिफोर्निया असा पत्ता असेल तर डबा १९८६ च्या आधीचा समजायचा, कारण त्या वर्षी कंपनी मोनोग्राम या दुसऱ्या किट कंपनीबरोबर एकत्र झाली आणि कॅलिफोर्निया सुटलं.

१/९६ हा कसला विचित्र स्केल?

फूट-इंचातलं गणित आहे. एक फुटाला एक अष्टमांश इंच. मेट्रिकवाल्यांना विचित्र वाटतं पण जुन्या नकाशांच्या हिशोबाने एकदम सरळ. या स्केलला साडेपाच फुटी खलाशी पावणेदोन सेंटिमीटरचा होतो. हे लक्षात ठेवा, पुढे दोऱ्याच्या वेळी कामाला येईल.

डबा सील असेल तर फोडू का? किंमत जाईल ना?

फोडा. माझं मत आहे, पटत नसेल तर सोडून द्या. घरात चाळीस वर्षं डबा ठेवून त्याची किंमत वाढली म्हणून खूश होणारी माणसं मी बघितलीत, शेवटी उन्हाळ्याच्या गरमीने आतलं प्लास्टिक वाकतं, डिकॅल, म्हणजे चिकटवायची छापील चित्रं, पिवळे पडतात आणि विकायला काढल्यावर घेणारा पहिला प्रश्न विचारतो की आतले पार्ट चेक केलेत का.

पहिल्यांदाच करतोय, हेच घेऊ का?

नको. आधी एखादं लहान, फूटभर लांबीचं करा, त्यात दोरे कसे चालतात ते कळेल, बिघडलं तरी जीव जळणार नाही. एअरफिक्स या इंग्लिश कंपनीचं १९५२ चं गोल्डन हाइंड नावाचं छोटं जहाज प्लास्टिकच्या पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानात विकायचे, मुलांनी घ्यावं म्हणून. म्हणजे या छंदाची सुरुवातच छोट्या जहाजाने झालीय असं समजा.

आणि जुनं किट घेताना नावावर जाऊ नका. रेव्हेलचं बीगल, म्हणजे डार्विन ज्यावर गेला ते, मुळात त्यांच्याच बाउंटी नावाच्या जहाजाचा साचा थोडा बदलून काढलेलं आहे आणि खऱ्या बीगलशी त्याचं फारसं जमत नाही. उलट थर्मोपिली नावाचं किट दिसलं तर ते कटी सार्कचंच भावंड आहे, साचा तोच, काही पार्ट वेगळे. गंमत म्हणजे खऱ्या आयुष्यात ही दोघं कट्टर प्रतिस्पर्धी. १८७२ मधे शांघायहून दोघं एकदम निघाली, कटी सार्क बरंच पुढे होतं, हिंदी महासागरात वादळात त्याचं सुकाणू तुटलं, जहाजावरच लोखंड तापवून नवीन सुकाणू बनवलं आणि लंडनला फक्त आठवडाभर उशिरा पोचलं. हे वाचल्यापासून मी किटमधलं सुकाणू नुसतं चिकटवलं नाही, आत पितळेच्या तारेच्या पिना घातल्या. उगाच रिस्क कशाला.

इंडियात मिळतं का?

नशिबावर आहे. मुंबईत चोर बाजारात जुन्या डब्यांवर नजर ठेवा, कुणाचे काका-मामा बोटीवर होते का ते विचारा (कोकणात दर तिसऱ्या घरात कुणीतरी असतं). बाहेरून मागवलं तर डब्याच्या किमतीइतकंच पोस्टेज आणि वर कस्टम ड्युटी, तो हिशोब आधी करा. अर्धवट जोडलेलं किट स्वस्तात मिळत असेल तर घाबरू नका, पण दोन गोष्टी बघून घ्या, हलचे, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या सांगाड्याचे, दोन्ही भाग सरळ आहेत ना आणि सगळ्या डोलकाठ्या आहेत ना. बाकी सगळं घरी बनवता येतं.

डबा उघडल्यावर पहिलं काय?

पार्ट मोजा. मग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने सगळं धुवा, कारण साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकटपणा अजूनही असतो आणि त्यावर रंग धरत नाही. बेसिनला गाळणी लावून धुवा. मी लावली नव्हती, एक छोटा नांगर गेला, तो आता बहुतेक खाडीला लागला असेल.

प्लास्टिक वाकलंय, काय करू?

गरम पाण्यात, उकळत्या नाही, थोडा वेळ ठेवायचं, हाताने हळू सरळ करायचं आणि तसंच धरून गार पाण्यात. पॉलिस्टायरीन शंभर डिग्रीच्या जवळपास मऊ पडतं, त्यामुळे उकळत्या पाण्यात टाकलं तर सरळ व्हायच्या ऐवजी भलतंच होतं. हलचे दोन भाग वाकले असतील तर आतून आडव्या पट्ट्या लावा, म्हणजे डेक बसवताना फट पडणार नाही. आणि डेक बंद करायच्या आधी, परत सांगतो, आधी, खाली स्टँडला बसवायचे नट आत पक्के करून घ्या. नंतर हात जात नाही.

कुठला ग्लू?

प्लास्टिकला प्लास्टिकचा पातळ सिमेंट, जो दोन्ही बाजू विरघळवून जोडतो. फटीला ब्रश टेकवला की आपोआप आत खेचला जातो. इन्स्टंट ग्लूने झटका बसला की जोड तुटतो आणि आजूबाजूला पांढरा धूर बसतो, म्हणून हा ग्लू फक्त अडलेल्या ठिकाणी. फेव्हिकॉल प्लास्टिकला उपयोगाचा नाही पण फेकू नका, दोऱ्याच्या गाठीला पाणी घालून लावायला त्यासारखं काही नाही.

खालचा भाग तांब्याचा रंगवला नाही, पिवळा का?

यावर माझं आणि एका मित्राचं जवळजवळ भांडण झालंय. बहुतेक लोक खालून लालसर तांब्याचा रंग मारतात. पण कटी सार्कला खाली तांब्याचे पत्रे नव्हते, मुंट्झ मेटलचे होते. म्हणजे साधारण ६० टक्के तांबं आणि ४० टक्के जस्त, थोडक्यात एक प्रकारचं पितळच, शुद्ध तांब्यापेक्षा स्वस्त.

मुळात हे पत्रे कशाला, तर समुद्रात लाकडाला किडे लागतात आणि बुडावर शेवाळ-कालवं धरून वेग मरतो. लोखंडी जहाजाला थेट असे पत्रे मारता येत नाहीत, खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की लोखंड खाल्लं जातं. म्हणून त्या काळात आतली चौकट लोखंडाची आणि वरून फळ्या लाकडाच्या अशी जहाजं बांधायला लागले, चौकट मजबूत आणि जागा कमी खाणारी, आणि मधे लाकूड असल्यामुळे बाहेरून पत्रेही मारता येतात. कटी सार्क असंच आहे, फळ्या सागवानाच्या आणि रॉक एल्मच्या. त्यामुळे पितळी रंग, त्यात दोन थेंब तांब्याचे, आणि वरून वॉश, म्हणजे अगदी पातळ केलेल्या तपकिरी रंगाचा हात, कारण समुद्रात गेलेलं पितळ आपल्या देवघरातल्या समईसारखं चकचकीत राहत नाही. ग्रीनिचला आता जहाज तीन मीटर वर उचलून ठेवलंय, खालून चालत जाता येतं, त्या फोटोंमधे खालचा भाग सोन्यासारखा चमकतो. तो म्युझियमचा लुक आहे, तसा हवा असेल तर तसा करा.

बाकी रंगांचं विशेष काही नाही. हल काळा, त्यावर सोनेरी रेघा, त्या हाताने मारायच्या आणि चहा प्यायच्या आधी मारायच्या. डेकला फिकट बदामी बेस देऊन त्यावर तपकिरी ऑइल पेंट चोळून कापडाने पुसला की फळ्यांच्या रेषांत राहतो, एकदम लाकूड वाटतं.

किटमधलेच दोरे वापरले का?

आता खरा प्रश्न आला. नाही वापरले. आणि जो कुणी असं जुनं किट करतोय त्याने बाकी कशावर नाही तरी यावर वेळ द्यावा, कारण लांबून बघणाऱ्याला हल दिसत नाही, रंग दिसत नाही, दोरे दिसतात. प्लास्टिकचं काम माझं चार महिन्यांत झालं होतं. दोऱ्यांना दोन वर्षं लागली.

खऱ्या जहाजावर सगळे दोर मिळून ११ मैल, म्हणजे १७ किलोमीटरच्या वर भरतात असं सांगतात. ९६ ने भागा, तरी १८० मीटरच्या पुढे जातं. अर्थात सगळं कुणी लावत नाही, मीही नाही, पण अंदाज यावा म्हणून.

पहिली गोष्ट जाडी. जुन्या किटमधे एकदोन जाडीचाच दोरा असतो, आणि तिथेच जहाज खेळणं दिसायला लागतं. जुने लोक दोर जाडीने नाही तर घेराने मोजायचे. समजा दोराचा घेर ३ इंच आहे, तर जाडी साधारण एक इंच, आणि आपल्या स्केलला ती पाव मिलिमीटर. बारीक दोर तर शिवायच्या रिळापेक्षाही बारीक निघतात. मी पाच जाडीचे दोरे वापरले, सगळे पॉलिस्टरचे, टेलरला लागणारं सामान विकणाऱ्या दुकानातून. दुकानदाराने विचारलं काय शिवताय, म्हटलं जहाज, त्यानंतर तो माझ्याशी जपून बोलायला लागला.

दुसरी गोष्ट रंग. डोलकाठी धरून ठेवणारे, न हलणारे दोर काळे, आणि शिडं-दांडे हलवणारे दोर फिकट, काथ्यासारखे. कटी सार्कवर तर ते न हलणारे दोर दोर नव्हतेच, लोखंडी तारेचे होते. सगळं एकाच काळ्या दोऱ्याने केलं तर जाळं वाटतं, हा एवढा एक फरक केला की डोळ्याला लगेच कळतं कशाचं काम काय आहे.

तिसरी गोष्ट मेण. मधमाशांच्या मेणाच्या वडीवरून प्रत्येक दोरा दोनदा ओढायचा, म्हणजे लव बसते, धूळ कमी धरते, गाठ सरकत नाही.

चौथी, आणि ही मी उशिरा शिकलो, क्रम. आडवे दांडे डोलकाठीवर चढवायच्या आधीच त्यांच्यावरचे सगळे ब्लॉक, म्हणजे दोर ओवायच्या कप्प्या, आणि दोरे टेबलावर बांधून घ्या. डेकमधली डोळ्याची खिळी, म्हणजे ज्यात दोर अडकतात त्या कड्या, डेक बसवायच्या आधी भोकं पाडून लावा. किटमधे नुसत्या चिकटवायच्या असतील तर दोऱ्याच्या ताणाने कधीतरी सुटतातच, ०.५ मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडून तारेच्या कड्या घाला. मग आतून बाहेर आणि खालून वर. पुढचा तिरका दांडा सगळ्यात शेवटी! मी तो उत्साहात आधी लावला आणि शर्टाच्या बाहीने तीनदा तोडला. तिसऱ्यांदा शर्ट काढूनच बसलो.

आणि पाचवी म्हणजे ताण. प्लास्टिकची डोलकाठी मऊ असते, एका बाजूचे दोरे ताणले की वाकते, मग सरळ करायला दुसऱ्या बाजूचे ताणता, मग पहिले ढिले पडतात, हे संपतच नाही. पोकळ डोलकाठीत स्टीलची विणायची सुई घातली (घरच्यांना विचारून घ्या, मी विचारलं नव्हतं) की प्रश्न मिटतो. उजवीकडे एक, डावीकडे एक असं जोडीजोडीने बांधत जायचं.

त्या दोरीच्या शिड्या हाताने बांधल्या?

हो. जुन्या मोठ्या किटांत प्लास्टिक चढवलेल्या तयार जाळ्या यायच्या, कडक आणि जाड, लांबून मच्छरजाळी वाटते. हाताने करायच्या असतील तर मागे ग्राफ पेपर लावायचा, साडेतीन मिलिमीटरवर एक पायरी, कडेच्या दोऱ्यांना साधी गाठ, मधल्यांना क्लोव्ह हिच. एका संध्याकाळी वीसेक पायऱ्या झाल्या की मान धरते. मी रेडिओवर जुनी गाणी लावून बसायचो. मधेच मोजलं नाही म्हणून एका बाजूला एक पायरी जास्त झालीय, शोधून दाखवा.

शिडं का नाही लावली?

किटमधली शिडं पातळ प्लास्टिकची, साच्यातून फुगवलेली असतात, उजेडात बघितलं की थर्मोकोलच्या ताटलीची आठवण येते. ती लावली की मागचे सगळे दोरे झाकले जातात, दोन वर्षं कशासाठी घालवली मग? ग्रीनिचलाही जहाज असंच उघड्या काठ्यांनी उभं असतं. ज्यांना शिडं हवीतच त्यांनी पातळ कापडाची गुंडाळून बांधलेली करावीत.

पावसाळ्यात काम करावं का?

रंगाचं नको. दमट हवेत लॅकर पांढरट पडतं, इनॅमल चारचार दिवस चिकट राहतं. पावसाळा दोऱ्यांच्या गाठींसाठी ठेवा. फक्त सुती दोरा वापरत असाल तर जपून, तो ओल धरला की आखडतो आणि सुकला की ढिला पडतो.

वेळ आणि खर्च?

वेळ अडीच वर्षं, मधे सहा महिने हात लावला नाही. खर्चाचं म्हणाल तर डबा फुकट, रंग-हत्यारं हळूहळू घेतली, आणि सगळ्यात महाग काचेची पेटी पडली. पेटी मात्र टाळू नका. पेटी यायच्या आधी एका रात्रीत कोळ्याने मधल्या डोलकाठीपासून मागच्या डोलकाठीपर्यंत स्वतःचे दोर लावले होते, आणि खरं सांगायचं तर त्याचा ताण माझ्यापेक्षा सरस होता. धूळ झटकायला मेकपचा मऊ ब्रश.

आपल्या आरमाराचं असं किट नाही का, आंग्र्यांचं गुराब वगैरे?

जुन्या मोठ्या प्लास्टिक कंपन्यांकडे मी तरी पाहिलं नाही. मनापासून हवं असेल तर लाकडात शून्यापासून करावं लागेल. आपल्याकडे बांधलेलं जहाज बघायचं असेल तर मात्र ट्रिंकोमाली शोधा, मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेलं, १८१७ मधे पाण्यात उतरलेलं, आणि ते अजून तरंगतंय, इंग्लंडमधे हार्टलपूलला.

मागच्या डोलकाठीचा एक दोरा सुटलाय का?

सुटला नाही, ढिला पडलाय. शेवटच्या दिवशी पॉलिस्टरचं फिकट रीळ संपलं, दुकान बंद होतं, आणि मला त्याच रात्री संपवायचं होतं, म्हणून शिवणाच्या डब्यातला सुती दोरा लावला. उन्हाळ्यात लोंबतो. जूनमधे या, ताठ असतो.